आपण आपल्यात मिटवतो

३ मार्च
नव्या वॉर्डातला तिसरा दिवस. दोन वाजता माझं काम आटोपलं, मी निघाले. बाकी चौघी हलल्या नाहीत. इथे म्हणे शेवटच्या नर्सच्या नोंदी लिहून होईपर्यंत कुणी निघत नाही. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या सिस्टर – बावीस वर्षं याच वॉर्डात – नुसत्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

७ मार्च
डॉक्टरांना फोन करायचा तर आधी मोठ्या सिस्टरना विचारायचं. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. सगळं ठेचकाळत शिकतेय.

११ मार्च
कपडे बदलायच्या खोलीतून हसणं ऐकू येतं. मी आत शिरले की थांबतं. आईने फोनवर विचारलं, "मैत्रिणी झाल्या का गं?" म्हटलं, हो.
जुन्या वॉर्डात माझी जोडीदारीण पाठीमागून एप्रनची गाठ बांधून द्यायची. इथे माझी मीच बांधते. आज दोनदा सुटली.

१९ मार्च
आमच्यातली सगळ्यात उंच ती लंबू. तिने आज माझ्यासाठी चहाचा कप झाकून ठेवला होता. एवढंसंच. पण दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२३ मार्च
चूक झाली. आठ नंबरच्या पेशंटची रक्तदाबाची गोळी सात नंबरच्या मास्तरांना दिली. लगेच लक्षात आलं. डॉक्टरांना बोलावलं – कुणाला न विचारता. मास्तरांना चक्कर आली, तासाभराने सावरले. त्यांना खरं सांगितलं, माफी मागितली.
लंबू हळूच म्हणाली, "सावरले ना? मग लिहू नकोस. आपण आपल्यात मिटवतो."
त्या "आपण"मध्ये मी पहिल्यांदाच होते. किती वाट पाहिली होती या शब्दाची.
तरी लिहिलं. चुकांच्या वहीत वर्षभरात एकही नोंद नाही. इतक्या कोऱ्या पानावर पहिली नोंद माझी.

२४ मार्च
चहाचा कप नव्हता.

३० मार्च
आठवडाभर कामापुरतं बोलणं, तेही दुसरीकडे बघत. वाटतं, ते पान फाडावं आणि गुपचूप त्यांच्यात जाऊन बसावं. आज वही उघडलीही होती. मिटली.

२ एप्रिल
मोठ्या सिस्टर माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. बाकीच्या ऐकत होत्या. "सकाळी दोन नंबरला माझ्या हातून चुकून इन्सुलिनचा दुसरा डोस गेला. वेळेत कळलं, बरी आहे ती." मग चुकांची वही पुढ्यात घेतली, पेनाचं टोपण काढलं.
"काय काय लिहायचं असतं? मला सांग."