कोरी बशी

सोमवार
आले एकदाची! तळ्याकाठचं हे परीक्षण केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक धक्का आणि शनिवारी येणारी लाँच. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. इथले साहेब हसून म्हणाले, बाई, आपल्याला जे मोजायचंय ते डोळ्यांना दिसत नाही. काम सोपं आहे. पाणी गाळायचं, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, प्लास्टिकचे धागे मोजायचे. अंगावर फक्त सुती कपडे, मोबाईल बाहेर. शेजारी एक कोरी बशी उघडी ठेवायची. तिच्यात प्लास्टिक सापडलं तर ते माझ्याकडून आलं, म्हणजे दिवसाचं काम बाद. आणि बशी कोरी येईपर्यंत दार उघडायचं नाही. खाट, मोरी, जेवणाची खिडकी सगळं आतच. किल्ली साहेबांकडे. म्हटलं, चला, माणसांची कटकट नाही! शनिवारी घरी. लेकीचा पुढचा दात हलतोय. पडला तर मावशीला द्यायचा नाही, मलाच द्यायचा, असा आमचा करार झालाय.

मंगळवार
बशीत एक लाल धागा. माझ्याकडे लाल चिंधीसुद्धा नाही. साहेब काचेपलीकडून माइकवर म्हणाले, होतं असं नवीन माणसाचं. जेवण देणाऱ्या काकूंनी सांगितलं की आधीच्या बाईंचा स्वेटर लाल नायलॉनचा होता. त्या कुठे असतात विचारलं तर म्हणाल्या, भात निवतोय, जेवून घ्या.

बुधवार
तीन धागे. भिंती पुसल्या, केस कापले, चादर बाहेर दिली. दुपारी पाच धागे. दार उघडा म्हटलं तर साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, बशी कोरी आली की लगेच.

गुरुवार
छडा लागला. श्वास रोखून बशी धरली तर काही नाही. तिच्यावर फुंकर मारली तर अकरा. सगळे लाल.
म्हणजे माझ्या आतून येतात.
पिण्याचं पाणी गाळून पाहिलं. कागद लालसर. काकूंना विचारलं, हे पाणी कुठलं? तळ्याचंच की, म्हणाल्या. साहेब मात्र घरून आणलेलं पितात. आणि तो स्वेटर? धक्क्याखाली सापडला. बाई नाही सापडल्या. एवढं बोलून काकूंनी खिडकी लावली.
आता पाणी पीत नाही.

शुक्रवार
हात दाखवून अवलक्षण. बशी दिवसभर झाकून ठेवली, संध्याकाळी कोरी म्हणून दाखवली. साहेबांनी भिंग लावलं आणि हसले. सुती कपड्यांतल्या माणसाच्या बशीत कापसाचे धागे तरी हवेतच, म्हणाले. इतकी कोरी म्हणजे झाकलेली. आधीच्या बाईंनीही हेच केलं होतं.
तळ्याचे नमुने आता नकोत, म्हणाले. दर तासाला मी कागदावर फुंकर मारायची.
घशात काहीतरी— ओढलं तर येतं, संपत नाही—

शनिवार
लाँचचा भोंगा.
मला न्यायला नाही. काकूंनी सांगितलं, साहेबांनी घरी फोन केला होता, पोरीच्या आईला करमत नाही, तिला घेऊन या. बहीण धक्क्यावर, सामानाशी. लेक काचेपलीकडे. दात पडलाय. मुठीत आणलाय, करार—
साहेब तिला काही म्हणतात. ती मान डोलावते. उन्हातून आलीय. ते नळाखाली पेला भरतात, तळ्याचं पाणी—
टेबलावर नवी बशी. लहान.
काच बडवली. तिला वाटतं मी हात करतेय. तीही करते. हसते.
माइक बंद, खिडकी बाहेरून लावलेली, आवाज जात नाही. तिला अक्षरं जुळवून वाचता येतं. मोठ्या अक्षरांत लिहिते, हेच पान काचेला—
बाळा
पाणी पिऊ नको
पेला ठे