किल्ली कोर्टाची

अण्णा,

इथल्या, बहारीनच्या कोर्टाने मला एका बाईंची पालक नेमलं आहे. ही नेमणूक म्हणजे काय हे न समजावता कळलं असतं असे तुम्ही एकटेच होतात, म्हणून तुम्ही गेल्यावरही तुम्हालाच लिहिते आहे. बाई आपल्याकडच्याच, सावंतवाडीच्या बाजूच्या. बुदैयात एका खोलीत राहून पस्तीस वर्षं शिवणकाम केलं. माझे सगळे ब्लाउज त्यांच्या हातचे. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. गावाकडच्या पुतण्याने फोनवर "आम्हाला नाही जमणार" एवढंच सांगितलं. अशा माणसासाठी सरकार आपला अधिकारी नेमतं; पण न्यायाधीशांनी आधी विचारलं, ओळखीचं कोणी तयार आहे का. मी हात वर केला. दयेपोटी नव्हे. सरकारी माणसापेक्षा मी काम लवकर उरकीन असं वाटलं.

आणि उरकलंच. बाईंनी राहायचं कुठे, उपचार कुठले, सामानाचं काय करायचं, हे सगळं ठरवायचा अधिकार हुकमात लिहिला होता. सीफजवळच्या एका चांगल्या शुश्रूषागृहात खिडकीजवळची खाट मिळवली. बुदैयाची खोली दोन दिवसांत रिकामी केली. शिवणयंत्र त्यांच्याच गावच्या एका ड्रायव्हरला देऊन टाकलं. मग इस्पितळात जाऊन बाईंना सगळं व्यवस्थित सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने हवेत मशीनचं चाक फिरवून दाखवलं. मी म्हटलं, "मशीन दिली. आता कोण शिवणार?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर चार दिवस त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. नर्स चमचा तोंडाशी न्यायची आणि त्या ओठ मिटून घ्यायच्या. डॉक्टर नळी घालायचं म्हणाले आणि सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला, कारण सहीसुद्धा आता माझीच.

कागद घेऊन अदलियाला घरी आले. तुमची नात जेवत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आई, डिड यू आस्क हर?"

"त्यांना बोलता येत नाही."

"शी कॅन नॉड, आई."

तेव्हा तो दिवस आठवला. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही जिल्हा कोर्टात नाझर, आणि ज्याच्या मागेपुढे कोणी नाही त्याचं पालकत्व साहेब तुमच्या गळ्यात घालतात. गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या एका बाई आहेत, त्यांना कोर्टाने वेडं ठरवलंय. तुम्ही मला बरोबर नेलंय. घराची किल्ली तुमच्या खिशात आहे आणि तुम्ही दार वाजवून उन्हात उभे आहात. आतून भांड्यांचा आवाज येतोय, दार काही उघडत नाही. मी म्हणते, "अण्णा, किल्ली आहे ना?" तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "किल्ली कोर्टाची आहे. घर तिचं आहे. तुला घाई असेल तर रस्त्यावर जाऊन थांब." मग आपण तसेच परत आलो, तीन मैल, पायी. अहवालात तुम्ही लिहिलंत, 'बाईंनी दार उघडले नाही. आत गेलो नाही.' त्यावर साहेब सगळ्या कचेरीदेखत म्हणाले होते, "नाझर, तुम्हाला पालक नेमलंय की पाहुणा?" हे तुम्ही जेवताना आईला सांगितलंत आणि हसलात. मला हसू आलं नव्हतं. माझा बाप दाराबाहेरूनच परत येतो, याची लाज वाटली होती.

नळीच्या कागदावर सही केली नाही. सकाळी बाईंना विचारलं, "खोलीत परत जायचंय?" त्यांनी मान हलवली. एकदाच, पण अशी की पुन्हा विचारायची गरज पडली नाही. मी म्हटलं, "मग पेज घ्या." घेतली. तिथून घरमालकिणीकडे गेले. म्हाताऱ्या बहारीनी बाई. मला वाटलं खोली गेली असेल. त्या म्हणाल्या, "मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही, "कमरा उसका है, उसको बोलो आने का." ड्रायव्हरने मशीन गाडीत चढवताना टोमणा मारलाच. "माका वाटलाच होता, ताई. आमच्या बायलेन दोन अभ्रे शिवल्यान, दोनय वाकडे." सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस लावली. काठी टेकत बाई आता दारापर्यंत येतात.

किल्ली माझ्याकडे आहे. दर शुक्रवारी जाते, दार वाजवते, काठीचा आवाज येईपर्यंत थांबते. थांबणं मला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी थांबते. मागच्या शुक्रवारी घावण्यांचा डबा घेऊन गेले. आत मशीन चालू होती. डाव्या हाताने चाक फिरवतात, त्यामुळे अडखळत चालते. दार वाजवलं. मशीन थांबली. मग पुन्हा सुरू झाली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. काठी काही वाजली नाही. बाई आत ठीक होत्या, आणि त्यांना मी नको होते. किल्ली हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. मग डबा पायरीवर ठेवला आणि गाडीत येऊन बसले.

दर सहा महिन्यांनी कोर्टाला सगळ्या भेटींचा अहवाल द्यावा लागतो. तो काल दिला. परत आले ते बरोबरच केलं, असं अजून वाटतं. पण अण्णा, त्या शुक्रवारच्या रकान्यात मी लिहिलंय, 'भेट झाली. प्रकृती ठीक.'