घरटी एक पेटी

दि. ४ जून

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सूनबाईनं धाडलेली औषधं पोचली. गुडघे धरलेत, जीभ चालते. अक्षर वाकडं असलं तरी म्हणणं सरळ आहे, नीट वाच.

आपल्या दफनभूमीवरून रस्ता जाणार. ज्यांना आपली माणसं उकरून न्यायची त्यांना पलीकडे नवी जागा मिळतेय, पण घरटी एकच पेटी. जागा कमी, मेलेले जास्त, असं तिथला कारकून म्हणाला. जिवंतपणी दाटी, मेल्यावरही सुटका नाही.

तुझे बाबाही तिथेच आहेत, पण मला तुझ्या बहिणीला न्यायचंय. तुझ्याआधीची, चार महिन्यांची गेली. तेव्हा एवढ्याशा पोराला दगड लावत नसत. भिंतीलगत, नळाच्या डाव्या हाताला पुरली. तुझे बाबा आले नाहीत. मुलगीच तर होती म्हणाले आणि कामावर गेले. खड्डा खोदणारा आणि मी, एवढीच माणसं.

नातीला पापा. लोभ असेल तर उत्तर लवकर धाड.

तुझी आई

दि. ११ जून

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून बायकोला म्हटलं, आई आता काय काढेल नेम नाही. रागावू नकोस. पण चार महिन्यांचं पोर, त्याला नावसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांनी काही उरलं तरी असेल का? आणि बापाला रस्त्याखाली टाकलं म्हणून लोक तोंडात शेण घालतील ते माझ्याच.

बाबांच्या नावाचा काळा दगड करायला दिलाय. रविवारी, २५ तारखेला, नव्या जागी दगड बसवायला सगळे भाऊबंद येतील, माझे साहेबही. मी दोन शब्द बोलणार आहे. आदल्या शनिवारपर्यंत सुट्टी नाही, तेव्हा बाबांना काढताना तू उभी राहा आणि पेटी बंद करून घे. उन्हाची छत्री ने.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा थोरला

दि. १९ जून

चि. थोरल्यास,

आशीर्वाद. छत्री नेली होती.

आधी तुझ्या बाबांचं थडगं उघडलं. पडले होते ऐसपैस, दातांसकट. खोदणाऱ्यानं हात घालायच्या आत मी माती लोटायला लावली आणि त्याला नळाकडे नेलं. इथं कुणी नाही आजी, म्हणाला. म्हटलं, तुला विचारलं नाही, खण.

कंबरभर खाली मातीचा रंग बदलला. हाडं म्हणशील तर काडेपेटीतल्या काड्या, त्याही चारदोन. तुझं खरं ठरलं, फारसं उरलं नव्हतं. जे होतं ते मातीसकट ओंजळीनं पेटीत भरलं. पेटी बाप्या माणसाच्या मापाची, तळही झाकेना. उचलणाऱ्यांना शंका नको म्हणून विटा घातल्या.

तुझे बाबा राहिले तिथेच. त्यांना मी एकदा पोचवलंय. दोनदा पोचवण्याएवढे ते माझ्या कामाला आले नव्हते.

पोरीला नाव नव्हतं म्हणालास. होतं. मी ठेवलं होतं. तेव्हा कुणी विचारलं नाही, आता तुला सांगत नाही.

दगड खुशाल बाबांच्या नावाचा लाव. भाऊबंदांत तुझं नाक शाबूत राहील, मी तोंड उघडणार नाही. तुला मात्र मुद्दाम कळवलं. रविवारी साहेबांपुढे बापाचे गुण गाशील, तेव्हा खाली कोण ऐकतंय ते तुला ठाऊक असावं.

लोभ आहेच, मागत नाही.

आई