लेसोथोतला बर्फ आणि चार स्वेटर

प्रिय मॉनिका,

मुलुंडहून रत्नप्रभाचा सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना ओरडतात. चर्चच्या पायऱ्या आता तरी इयानचा हात धरून चढ. नातू काय नुसता फोटोत उभा करायला असतो?

व्हॉट्सअ‍ॅप सोडून पत्र का, ते शेवटी कळेल. आधी मला बसलेला धक्का ऐक.

माझी नात गार्गी धरणाच्या कामावर लेसोथोला गेली, हे तुला ठाऊक आहेच. हा देश चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. (देशाच्या आत आख्खा देश! इथे मला गॅलरीला जाळी बसवायची तर सोसायटीच्या सात जणांच्या सह्या लागल्या.) त्यांना राजा आहे. देश इतका उंच, की त्यातली सगळ्यांत खोलगट जागासुद्धा समुद्रापासून चौदाशे मीटर वर, म्हणजे त्यांचा तळमजला आपल्या माथेरानच्या डोक्यावर! आणि ते शेजाऱ्यांना पाणी विकतात. पाणी, मॉनिका! आम्ही मे महिनाभर टँकरसाठी बादल्या मांडून बसलो होतो.

पण कहर परवा झाला. गार्गीचा व्हिडिओ कॉल आला, तर मागे सगळं पांढरंफेक.

"आजी, बर्फ पडतोय गं!"

"चावटपणा पुरे. आफ्रिकेत आहेस ना तू?"

"आफ्रिकेतच आहे. लोक इथे स्कीइंगला येतात," असं म्हणून ती लागोपाठ पाच वेळा शिंकली.

अंगावर घरमालकिणीने दिलेलं जाडजूड रंगीत ब्लँकेट! आपल्याकडे असं पांघरून बसलेल्या माणसाला पेज देतात. तिथे ते पांघरून लग्नाला जातात. वर त्याचे पट्टे उभेच हवेत, आडवे चालत नाहीत, कारण उभे म्हणजे भरभराट. (आमच्या गार्गीची भरभराट नाकातून वाहत होती.)

जुलैत तिथे कडक हिवाळा असतो म्हणे. मग पोरीकडे एकही स्वेटर नसावा? सूनबाई अक्षता म्हणते, "मी स्वतः चार भरले होते, आई. विमानतळावर कोणीतरी बॅग उघडून चोरले." तिने विमान कंपनीकडे तक्रारही ठोकली आहे. हल्लीच्या मुलींना साधी बॅग भरता येत नाही, असं मी तिला चार माणसांत सुनावलं.

घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांग.

तुझी,
रत्नप्रभा

ता. क. : इयान शनिवारी जोहान्सबर्गला निघतोय ना? सोबतच्या पिशवीत चार स्वेटर आहेत. गार्गीच्या ऑफिसातलं कोणीतरी तिथे येऊन घेईल. होय, तेच चार. आफ्रिकेत लोकर कशाला, म्हणून अक्षता अंघोळीला गेल्यावर मी ते काढले आणि त्या जागी कोकमाचं आगळ आणि सब्जा भरला. उष्णतेवर. माझा फोन अक्षता चाळते, म्हणून हे पत्र. वाचून फाडून टाक. तिला मीच सांगणार आहे, पण पोरीच्या अंगात स्वेटर गेल्यावर.

ता. ता. क. : सातवीत तू वर्गात म्हणाली होतीस, की तुझ्या बोटीवरच्या काकांनी आफ्रिकेच्या डोंगरावर बर्फ पाहिला. सिस्टरने तुला तासभर बाकावर उभं केलं. सगळ्यांत आधी हसले होते ती मी. आता खाली बस गं, मॉनिका.