मायची शिवी

गंगापूर रोड, नाशिक
मार्च १९८३

माय,

जिंकले गं! पोरांसाठी लिहिलेली माझी कादंबरी छापायला गेली, आणि तिच्यात तुझी शिवी जशीच्या तशी आहे!

लहानपणी मी विहिरीत पडले, तेव्हा तू लुगड्यानिशी उडी टाकलीस. मला वर काढून एक मुस्काटात दिलीस आणि उराशी धरून ओरडलीस, "तुझा मुडदा बशिवला भवाने, मपला जीव घेत व्हतीस!" माझ्या कादंबरीतली आई तेच बोलते.

संपादक म्हणाले, "शाळकरी मुलांच्या हातात हे? 'बाळा, किती घाबरले मी' असं लिहा."

मी म्हटलं, "असं बोलणारी बाई काठावर रडत बसेल. माझी माय उडी टाकते."

"मग निदान फुल्या तरी टाका."

मी कागद उचलले आणि तडक जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात त्यांनी हाक मारली, "बाई, राहू द्या शिवी!"

पण गंमत ऐक. तुला आलेली पत्रं भिकन पोस्टमन पारावर बसून सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. म्हणून मघाशी शिवीच्या जागी मी स्वतःच फुल्या टाकल्या होत्या! माझीच मला लाज वाटली. त्या खोडून पुरी शिवी लिहिली, आणि आता हे पत्र पेटीत टाकायची सोय राहिली नाही.

रविवारी पहिल्या एसटीनं येते. कादंबरीतलं ते पान मीच तुला मोठ्यानं वाचून दाखवीन. ऐकून मला जी हासडशील, ती पुढच्या पुस्तकात.

तुझीच भवानी,
लंका