साखरफुलांचे दोन कुंचले

लिहून ठेवणार: श्रीमती कमळाबाई सीताराम खवणेकर, वय सुमारे त्रेसष्ट, धंदा साखरेची फुले करणे, राहणार कारेकर चाळ, दुसरा मजला, खोली नंबर १७, खोताच्या वाडीलगत, गिरगाव, मुंबई राज्य. (राज्याचे नाव पुढे बदलल्यास बदललेले धरावे.)

मी हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी काय केले ते सगळे लक्षात आहे, आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणण्याचा प्रयत्न झाला नाही असे मात्र नाही. हात थरथरतो म्हणून लेखणी तळमजल्यावरचे चिंतामणी मास्तर यांच्या हाती दिली आहे. ते पेन्शनीत निघालेले शिक्षक असून त्यांना दुसऱ्याचे वाक्य सुधारण्याची खोड आहे. आताच त्यांनी माझ्या नावामागे ‘सुविद्य’ घातले होते, ते मी काढायला लावले. अक्षरही हल्ली ते मुंगीएवढे काढतात. का काढतात ते त्यांनाच माहीत.

कलम पहिले. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे उरणार एक भाड्याची खोली, फुलांचे सामान आणि हातातली विद्या. ही तिन्ही एकाच माणसाकडे जावीत अशी माझी इच्छा आहे. खोली नसेल तर फुले सुकवायची कुठे, आणि विद्या नसेल तर सामान भंगारात जाईल. असा भरवशाचा माणूस मला अजून सापडलेला नाही. शोधताना जे आढळले ते खाली लिहवते.

कलम दुसरे. ही विद्या मला खोताच्या वाडीतल्या सिसिलिया डिमेलो हिने दिली. लढाईच्या वर्षांत बंदरावरचे अमेरिकन सोल्जर रविवारी तिच्या घरी जेवायला येत. त्यांतल्या एकाने तिला डोनट तळायला शिकवले. मैद्याचे, फुगलेले, मध्ये भोक असलेले. आमच्या चाळीतली मुले त्याला भोकाचा गोड वडा म्हणतात. सिसिलिया त्यावर साखरेचा पाक ओती आणि वर साखरेत बसवलेली गुलाबाची पाकळी ठेवी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती काचेची वाटली होती. पाकळीला दोन्ही बाजूंनी अंड्यातला पांढरा भाग कुंचल्याने अगदी पुसट लावायचा, वर बारीक साखर भुरभुरायची आणि मलमलीच्या चौकटीवर दोन दिवस सुकवायची. एवढे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. पाकळीच्या बुडाशी पांढुरका भाग असतो, तो कडू लागतो म्हणून कातरून टाकायचा, हे मात्र तिने दीड वर्ष सांगितले नाही. म्हणते, विसरले. माझा तिच्यावर राग नाही, पण दीड वर्ष कोणी विसरत नाही. तिला माझी पितळी चाळणी द्यावी. येते तेव्हा ती उचलून बघते आणि ‘बरी हाय गो’ म्हणून खाली ठेवते, म्हणजे तिला ती हवीच आहे.

कलम तिसरे. अंड्याची फुले आपल्या लोकांच्या नैवेद्याला चालत नाहीत. म्हणून मी गुलाबपाण्यात डिंक भिजवून अंड्याऐवजी त्याची फुले काढली. ही युक्ती माझी, सिसिलियाची नव्हे. तेव्हापासून माझ्याकडे दोन कुंचले आहेत. अंड्याच्या कुंचल्याला लाल दोरा, डिंकाच्या कुंचल्याला काळा. लाल कुंचला नाताळच्या डोनटांना, बाप्तिस्म्याच्या केकला आणि पारशांच्या वाढदिवसांना. काळा कुंचला गणपतीच्या बर्फीला आणि डोहाळजेवणाला. वाट्या वेगळ्या, चौकटी वेगळ्या. फुले तीनच घ्यायची, गावठी गुलाब, मोगरा आणि गोकर्ण. कण्हेरीला हात लावायचा नाही, ती विषारी.

फुले भुलेश्वरहून लवू तारकर आणतो. सन छप्पनच्या जानेवारीत गोळीबार आणि संचारबंदी चालू असतानासुद्धा त्याने गल्लीबोळातून मोगरा आणून दिला होता, हे विसरता येत नाही. पण गेली दोन वर्षे तो मला फिके गुलाब देतो. विचारले की म्हणतो, ‘लालभडक हायत मावशे, तुझी शप्पत.’ शपथ माझी घेतो, स्वतःची घेत नाही. त्याला माझी लोखंडी खुर्ची द्यावी, छप्पन सालाबद्दल.

कलम चौथे. शिवा हा माझ्या भावाचा मुलगा. लोअर परळला गिरणीत आहे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात पुढे असतो. त्याबद्दल मला कौतुक आहे. परंतु हा मुलगा माझ्या खोलीत बसतो तेव्हा त्याची नजर माझ्याकडे नसते, भिंतींकडे असते. गेल्या दिवाळीत त्याने फराळाच्या ताटावरच विचारले, ‘आत्ये, भाड्याची पावती कुणाच्या नावावर हाय गं?’ मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हे मीही मानते. त्यात सतरा नंबरची खोली शिवाला मिळाली पाहिजे असे कुठे म्हटले आहे, ते त्याने दाखवावे. त्याला माझ्या यजमानांची छत्री द्यावी. टपाल कचेरीच्या बचतीच्या पुस्तकात जे पैसे असतील ते माझ्या क्रियाकर्माला लावावे आणि तेही शिवाच्या हातून होऊ नये.

कलम पाचवे. राधाबाई भिवा खवणेकर ही माझी धाकटी जाऊ. तीही विधवा आहे. दोघी याच खोलीत राहतो, मध्ये फळ्यांचा आडोसा आहे. चौदा वर्षे तिने माझ्या हाताखाली पाकळ्या कातरल्या. सन सत्तावन्नच्या गणपतीत गंगुबाई पाटकर यांच्या घरच्या नैवेद्याच्या बर्फीवर आमची फुले जायची होती. त्याच आठवड्यात सिसिलियाच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, म्हणून अंड्याचे कामही चालू होते. फुले पोचल्यावर राधा स्वतः गंगुबाईंकडे गेली आणि ‘ह्या फुलांना अंडं लागलंय, देवापुढं ठेवू नका’ असे सांगून आली. आपल्या लोकांतल्या एकाही घराने नंतर माझी फुले घेतली नाहीत. कुंचल्यांची अदलाबदल तिनेच केली आणि चहाडीही तिनेच केली. माझे नाव झालेले तिला बघवत नव्हते. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेली नाही. ती ताट सरकवते, मी जेवते. खोलीतला चांगला दिवा काढून तिने मिणमिणता लावला आहे, असाही माझा संशय आहे. ती कबूल करत नाही, कारण मी विचारत नाही. ही बाई तोंडाने गोड आणि पोटात कारस्थानी आहे. तरी सर्व गोष्टींचा साकल्याने विचार करता, खोली नंबर १७ चा भाडेहक्क, दोन्ही कुंचले आणि फुलांचे सर्व सामान माझ्या पश्चात सदर राधाबाई हिलाच मिळावे.

कलम सहावे. वरील शेवटचे वाक्य माझे नाही. ते कसे शिरले आणि कसे सापडले, ते मास्तरांकडूनच येथे लिहवून घेत आहे.

पाच कलमे झाल्यावर मास्तरांनी ती मला वाचून दाखवली आणि शेवटी मी सांगितले होते तेच म्हणून दाखवले. माझे समाधान झाले नाही. लिहिणाराच वाचणार असेल तर तपासणार कोण? चाळीत दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावे तर दिवेलागणीपर्यंत तिसऱ्या मजल्याला सगळे पाठ झाले असते. राधा चौथी शिकलेली आहे आणि आडोशापलीकडून तिने सगळे ऐकलेलेच होते. मी मास्तरांना म्हटले, कागद तिला द्या. तिच्याविरुद्ध लिहिलेले तिनेच वाचावे. कुठे अडखळते, कुठे गाळते, त्यावरून तिचे पाप मला कळणार होते.

राधाने पहिल्यापासून वाचले. पाचवे कलम आले तरी आवाज बदलला नाही. ‘चहाडी’ वाचले, ‘कारस्थानी’ वाचले. एक शब्द गाळला नाही. आणि शेवटच्या वाक्याशी थांबली. मला वाटले, सापडली. दीड वर्षात पहिल्यांदा मी तिच्याशी बोलले.

‘का थांबलीस?’

‘अक्का, हे तुमी सांगितलेलं नाय.’

‘काय लिवलंय?’

‘खोली नि सामान माझ्या नावावर लिवलंय. तुमी म्हणालात, राधेला ह्या खोलीतला खिळासुद्धा देऊ नका. मी आतून ऐकलं. मास्तर, तसं लिवा.’

मास्तर खाली बघत म्हणाले, ‘कमळाबाई, चुकलो. मला तो अन्याय लिहवेना.’

मी मास्तरांना जे बोलले ते त्यांनी येथे लिहिलेले नाही आणि मीही आग्रह धरत नाही. दोघांचे संगनमत असेल, हा संशयही मला आला. पण संगनमत असते तर ती तेवढे वाक्य मला हवे तसे वाचून मोकळी झाली असती, मला काय कळणार होते? माझ्यामागे खोली आपसूक तिची झाली असती. म्हणून जे दीड वर्ष विचारले नव्हते, ते विचारले.

‘कुंचला कोणी बदलला?’

तिने कागद खाली ठेवला. मग म्हणाली, ‘तुमीच, अक्का. लाल दोऱ्याचा उचललात नि डिंकाच्या वाटीत बुडवलात. मी बघेपर्यंत अर्ध्या पाकळ्या झाल्या होत्या. लाल नि काळा तुमाला सारखाच दिसत होता.’

‘मग तिथंच का नाय बोललीस?’

‘बोलले. तुमी म्हणालात, माझ्या डोळ्यांची खोड काढतेस? नि डबा भरून लवूबरोबर पाठवून दिलात.’

हे मला आठवले. वर मी सगळे लक्षात आहे असे लिहवले आहे, ते तेवढ्यापुरते दुरुस्त समजावे.

‘गंगुबाईंना कशाला सांगितलंस?’

‘देवाचा नैवेद्य होता. गप कशी बसू?’

‘मग माझी चूक म्हणून का नाय सांगितलंस?’

‘तुमच्या नजरेचं कळलं असतं तर नाताळचं कामसुद्धा गेलं असतं. माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. मला काय, मी हाताखालची.’

मला आधी राग आला. आपल्यावर कोणी एवढे उपकार करावेत आणि आपण तिने सरकवलेले ताट मुकाट्याने ओढून घ्यावे, याचा राग. लाज नंतर वाटली, आणि ती अजून वाटते आहे. दिव्याचे विचारले. दिवा तोच आहे, तिने बदललेला नाही. लवूच्या गुलाबांचे मी विचारले नाही.

कलम सातवे. मास्तरांनी माझ्या नावावर खोटे लिहिलेले वाक्य मी आता खरे करते. खोली, दोन्ही कुंचले, वाट्या, चौकटी आणि सामान राधाबाई भिवा खवणेकर हिचे. ‘चहाडी’ आणि ‘कारस्थानी’ हे शब्द खोडावेत असे मास्तर म्हणाले. खोडू नयेत. मी काय बोलले होते ते कागदावर राहू द्यावे.

साक्षीला मुद्दाम गंगुबाई पाटकर यांना बोलावले आहे. चूक माझ्या हातून झाली आणि माझ्या डोळ्यांमुळे झाली, हे त्यांना मी माझ्या तोंडाने सांगितले. त्या ऐकताना राधाकडे बघत होत्या, असे मास्तर सांगतात. सत्तावन्न सालापासून मी ज्या ज्या घरी राधाची निंदा केली, त्या त्या घरी मी जिवंत असेपर्यंत स्वतः जाऊन हेच सांगणार आहे. दोन घरे तिसऱ्या मजल्यावर आहेत, तेथे राधाने मला जिना चढवावा.

कलम आठवे. मला लिहिता येते, सहीही येते. परंतु सहीची रेघ कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून अंगठा करत आहे. हात धरायला मास्तर पुढे झाले, त्यांना मी नको म्हटले. ज्याला मिळणार त्यानेच हात धरला तर कोर्टात शंका घेतात, असे त्यांनी बजावले. घेऊ देत. मी घेऊन दमले. राधाने माझा अंगठा धरून शाईत टेकवला आणि कागदावर नेला. त्या जागेच्या वर काय लिहिले आहे, हे मी तिला विचारले नाही.

निशाणी अंगठा: कमळाबाई सीताराम खवणेकर
अंगठा धरणार: राधाबाई भिवा खवणेकर
दस्तुर: चिंतामणी हरी केळुसकर, मास्तर

साक्षीदार:
१. गंगुबाई धोंडू पाटकर, खोताच्या वाडीजवळ, सही
२. शामराव बाबाजी परुळेकर, कारेकर चाळ, खोली नंबर १९, सही

मुक्काम गिरगाव, मुंबई
दिनांक १५ फेब्रुवारी १९५९