कडेची फॅरोबाई

मंठा,
६ एप्रिल १९९७

प्रिय बेबीनंदा,

अक्काचा सप्रेम जय भीम.

परतूरच्या घरामागं, रेल्वेच्या कुंपणाला पाठ टेकून आपण तुरीच्या शेंगा खात बसायचो, ते काल दिवसभर मनात होतं. नाताळची सुट्टी, कोवळं ऊन आणि मावशीनं मीठ घालून उकडलेल्या शेंगांची पाटी आपल्या दोघींच्या मधे. मी नुकतीच जालन्याहून छोट्या गाडीनं आलेली. तू विचारलंस, "अक्का, कॉन्व्हेंटमधी शेंगा देतेत का?" मी म्हटलं, "न्हाई, दलिया देतात." तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "मंग कशाला जाती तिथं?"

इकडे बाकी ठीक. ऊन यंदा लवकर तापलं. शाळा सुटल्यापासून, म्हणजे मी निवृत्त झाल्यापासून, दुपारी झोपायची वाईट सवय लागली आहे. शेजारच्या कांताबाई रोज गप्पा मारायला येतात आणि रिकामं बसायची लाज नको म्हणून सोबत निवडायची भाजी आणतात. धर्मराजचा मुंबईहून त्यांच्याच घरी फोन येतो. मग त्या अंगणातून "बाई, लेकाचा फोन" म्हणून हाक मारतात आणि अर्ध्या मंठ्याला कळतं की माझ्या मुलाला आईची काळजी आहे.

संपतचं दुकान कसं चाललं आहे? वडीगोद्रीच्या रस्त्याला आता खूप गाड्या वाढल्या म्हणतात. म्हणजे पंक्चरही वाढले असतील, पोराचं बरं चाललं असेल. साहेबराव गेल्यापासून तू घराबाहेर फारशी पडत नाहीस, असं तो मागं सांगत होता. जेवण वेळेवर घेत जा.

अक्षर वाकडं दिसेल. पेन नवीन आहे.

मुख्य गोष्ट विचारायची राहिलीच. तू शेंडेनक्षत्र पाहिलंस का? इथं दिवे लागायच्या वेळी सगळं गाव पश्चिमेकडं तोंड करून उभं असतं. बँकेचे साहेब, भाजीवाल्या, स्टँडवरचे कंडक्टर, सगळे एकाच बाजूला मान वर करून. एवढी माणसं एकमेकांशी न भांडता एका दिशेला बघताना मी कधी ऐकली नव्हती. मी प्रत्येकाला विचारते, कसं दिसतं. कांताबाई म्हणाल्या, "कुणी पिठाचा हात आभाळाला पुसल्यावानी." शाळेतला शिपाई कचरू म्हणाला, "खराटा उलटा धरलाय बाई, झाडणारा दिसून न्हाई राह्यला." चतुराबाई भाजीवालीला त्यात पेटलेल्या बिडीचं थोटूक दिसतं, धूर वर चाललेला. आमचे पुंजाराम मास्तर विज्ञान शिकवतात. त्यांनी मला ते बर्फ आणि धुळीचं आहे, इतक्या हजार वर्षांनी परत येईल, असं सगळं सांगितलं. फक्त कसं दिसतं ते सांगितलं नाही. आणि पलीकडच्या घरातले रामराव म्हणाले की असलं नक्षत्र निघालं की राज्य पडतं. त्यावर कांताबाई म्हणाल्या, "दिल्लीतलं तर तसंही पडूनच राह्यलंय. त्याला नक्षत्राचा खर्चा कशाला?"

हे सगळं ऐकून माझं समाधान झालं नाही. मला तुझी आठवण आली. तुझी आणि फॅरोबाईची.

तिच्याविषयी एक नवी बातमी आली आहे. पण ती कळायला सगळं पहिल्यापासून आठवलं पाहिजे, म्हणून लिहिते. तुला पाठ असलं तरी वाच.

आमच्या बोर्डिंगच्या दवाखान्याला परदेशातून औषधांच्या बाटल्यांची खोकी यायची. बाटल्या फुटू नयेत म्हणून त्या रंगीत कागदांत गुंडाळलेल्या असत. सिस्टर बेनेडिक्टा ते कागद आमच्याकडून सरळ करून घ्यायच्या आणि वह्यांना कव्हरं घालायला लावायच्या. एका खोक्यात निघाली ती चित्रांच्या गोष्टीची पानं. अग्निबाण, दोन चंद्रांचं आभाळ, काचेच्या घुमटाखालची शहरं. मी सिस्टरना विचारलं, ही मी घरी नेऊ का? त्यांनी पानं उलटसुलट पाहिली, त्यात वाईट काही नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. पण रविवारी वाचू नकोस."

त्या शेंगांच्या दुपारी मी ती पेटीतून काढली. तुला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी वाचायची आणि तू चित्रांवर बोट ठेवायचीस. पानांचा क्रम लागत नव्हता. त्यातून बाटलीचं बूड टेकून टेकून प्रत्येक पान मधोमध घासलेलं. तिथं एक उंच माणूस असायचा, चमकत्या कपड्यांतला, पण त्याचं डोकं एकाही पानावर शाबूत नव्हतं. तू म्हणालीस, "बिनमुंडक्याचा माणूस कशाला ठेवलाय यात?" आणि मग तुला ती दिसली. हिरव्या कोटातली, कानामागं पेन्सिल खोवलेली बाई. कधी कोपऱ्यात, कधी कडेला, पण प्रत्येक पानावर पूर्ण. मी वाचून सांगितलं, ही मिस फॅरो, बातमीदार आहे. "म्हणजे काय करती?" "जे घडतं ते जाऊन बघती आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगती."

तू पानं पुन्हा एकदा चाळलीस. शहरावर कसली तरी प्रचंड सावली पडली आहे, सगळे पळताहेत आणि ती एकटी उभी राहून लिहिते आहे, त्या चित्रावर तुझं मीठ लागलेलं बोट टेकलेलं होतं. तो डाग अजून आहे. मग म्हणालीस, "हिचीच गोष्ट हाय ही."

आपण दोघींनी तेच धरलं. ती राणी, बाकी सगळी तिची माणसं. तिच्या नव्या गोष्टी रचल्या, तिला परतूरच्या स्टेशनावर उतरवलं, तिला ज्वारीची भाकरी खायला लावली. आणि तू मोठी होऊन तेच केलंस. सातवी शिकलेली, लग्न झालेली, कडेवर संपत, आणि साप्ताहिकाची बातमीदार. लोक हसायचे. साहेबराव मात्र सायकलवरून तुला सोडायला जायचे, हे मी कधी विसरणार नाही.

त्या मोठ्या गारपिटीच्या वेळी मी तुझ्याबरोबर होते. लिंबाखाली मेलेल्या पाखरांचा सडा पडला होता, कापसाची नुसती काड्यांची रानं उरली होती. तू बांधावर उभी राहून कितीतरी वेळ नुसतं पाहत होतीस. पंचनाम्याला आलेले साहेब म्हणाले, "बाई, उगं काय बघून राह्यल्या? नुकसानीचा आकडा घ्या आन् चला." तू म्हणालीस, "आकडा तुम्ही घ्या, सायेब. मला बघू द्या." पुढच्या अंकात तू लिहिलंस की गारा थांबल्यावर इतकी शांतता झाली, की वितळणाऱ्या गारांचा आवाज गावभर ऐकू येत होता. मी तिथं उभी होते, बेबी. तो आवाज माझ्याही कानावर पडला होता. पण तू लिहिल्यावर मला तो ऐकू आला.

आता बातमी. गेल्या दिवाळीत धर्मराजनं त्या पानांच्या झेरॉक्स मुंबईला नेल्या होत्या. तिथं त्याला असली जुनी पुस्तकं जमवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडं तो अंक आख्खा निघाला. परवा फोनवर हसतच सांगत होता, "आई, तुमची फॅरोबाई हिरॉईन न्हाईच. गोष्ट त्या बिनमुंडक्याची आहे. ही नुसती त्याला प्रश्न विचारायला कडेला उभी केलीय. पुढच्या अंकांत कुठंच न्हाई. तिचं पहिलं नावसुद्धा छापलेलं न्हाई."

आधी मला वाईट वाटलं. आपण चुकलो म्हणून नाही, तिच्यासाठी वाटलं. नंतर कांताबाईंच्या ओसरीवर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. बाटली पानाच्या मधोमध ठेवतात, म्हणून नायक झिजला. ती महत्त्वाची नव्हती, म्हणून तिला कडेला काढलं. आणि कडेला होती, म्हणून ती शाबूत राहून आपल्यापर्यंत आली. समुद्रापलीकडं कुठल्यातरी चित्रकारानं रिकामी जागा भरायला एक बाई काढली असेल आणि जेवायला गेला असेल. त्याला काय ठाऊक, की ती औषधाच्या बाटलीला लपेटून जालन्याला उतरेल आणि परतूरच्या एका मुलीला जन्मभराचं काम देईल. त्या धूमकेतूपेक्षा मला या गोष्टीचं नवल जास्त वाटतं. देवबीव आपण मानत नाही. पण अशा वेळी हात जोडावेसे वाटतात, कुणाला ते कळत नाही.

एवढं लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. चहा घेतला. आता उरलेलं लिहिते.

पेन जुनंच आहे, बेबी. मला दिसत नाही.

काचबिंदू म्हणतात. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून कळलंही नाही. डावा डोळा गेला. उजव्यानं दिसतं ते पपईच्या देठाच्या नळीतून पाहावं तेवढं. माझ्या कडा गेल्या आणि मधलं तेवढं राहिलं. जालन्याचे डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "गेलेलं परत येत नाही, बाई. उरलेलंही किती दिवस, ते सांगता येत नाही." हे पत्रसुद्धा पुठ्ठ्याला ओळीएवढी खाच कापून, ती कागदावर सरकवत लिहिते आहे. धर्मराजला अजून सांगितलेलं नाही. तो नोकरी सोडून येईल. त्याला मीच सांगेन, तू सांगू नकोस.

नक्षत्र दिसू लागलं त्या पहिल्या संध्याकाळी कांताबाई मला गच्चीवर घेऊन गेल्या. "ते बघा की बाई, लिंबाच्या शेंड्याच्या वर." त्यांचं बोट कुठं आहे, तेच मला दिसेना. मी म्हणाले, "हो, दिसलं. फार सुंदर आहे." त्या खूश होऊन भाकरी टाकायला गेल्या. मी तिथंच थांबले. गावभर माणसं "आहा" करत होती आणि मी सगळ्यांसारखी मान वर करून उभी होते.

म्हणून तू ये. माझ्यामागं उभी राहा, माझं डोकं दोन्ही हातांत धर आणि हळूहळू फिरव. नळीत सापडलं तर सापडलं. नाही सापडलं, तर तू सांग. गारपीट सांगितलीस तसं.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. साप्ताहिक बंद पडलं, साहेबराव गेले, आता कुणासाठी बघायचं अक्का? माझ्यासाठी बघ. वाचणारी एकच आहे आणि तिला वाचता येत नाही, एवढी गैरसोय सोसून घे.

जयंती झाल्यावर येते, असं मात्र म्हणू नकोस. तुम्हा लोकांची मिरवणुकीची तयारी चालू असेल, पण तोवर चंद्र मोठा होईल आणि पुंजाराम मास्तर म्हणतात की मग ते फिकट पडत जाईल. उद्या अमावस्या आहे. हा आठवडा आभाळ काळं मिळेल. अंबडहून सकाळची एसटी धर, जालन्याला बदल, दुपारी इथं पोचशील. संपतला म्हणावं, म्हातारीला सोड चार दिवस.

आलीस की आणखी एक काम आहे. मला जे दिसत नाही ते घरात नुसतं पडून राहू नये असं वाटतं, म्हणून वाटप ठरवलं आहे. मोठा इंग्रजी शब्दकोश पुंजाराम मास्तरांच्या मुलीला दे. ती मागायला लाजेल, तूच हातात ठेव. शिलाई मशीन चतुराबाईला. तिची सून शिवते, त्यांच्या घरी ते चालतं राहील. भिंतीवरचा आरसा कांताबाईंना, त्यांचा तडकलेला आहे. शिकवतानाची चष्म्याची घरं कचरूची नात खेळायला नेईल. वडिलांचा रेल्वेचा कंदील धर्मराजसाठी ठेव. रेडिओ माझ्याजवळच राहू दे. फॅरोबाईची पानं तुझी. ती बिनकामाची होती, हे तिला आता सांगू नकोस.

आणि मला तेवढं शेंडेनक्षत्र दे. तुला दिसेल तेवढंच, न वाढवता.

मी संध्याकाळी खाट पश्चिमेकडं तोंड करून टाकते. उशाशी तुझ्यासाठी जागा ठेवली आहे.

तुझी अक्का,
सत्यशीला